उडी लाटेवरची, पारख तळाची!

उभ्याने चालवायची जेट स्की घेताना सगळ्यांची नजर आधी इंजिनावर जाते. पण बोटीमागच्या लाटेवरून झेप घेऊन सुखरूप पाण्यावर उतरायचे असेल, तर आधी पारखायला हवा तो तिचा हल.

गोव्यात कलंगुटला किंवा मालवणजवळ तारकर्लीला सहलीला गेलेल्यांनी पाण्यावरून सुसाट पळणारी वॉटर स्कूटर नक्कीच पाहिली असेल. पुढे एक जण हँडल धरून बसतो, मागे दुसरा त्याला घट्ट धरून बसतो, आणि पाच-दहा मिनिटांत फेरी संपते. पण या वाहनाचा मूळ अवतार वेगळाच आहे. त्याला बसायला जागाच नाही! मागच्या बाजूला पाय रोवून उभे राहायचे, वर-खाली हलणाऱ्या लांब दांड्याचे हँडल धरायचे आणि गुडघ्यांच्या, कमरेच्या जोरावर ते पळवायचे. ही खरी जेट स्की.

या जेट स्कीवरून मोकळ्या पाण्यात, समुद्राच्या लाटांवर किंवा एखाद्या मोटरबोटीमागे उठणाऱ्या लाटेवर उड्या मारत हिंडण्याला 'फ्रीराइडिंग' म्हणतात. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील तरुणांमध्ये या खेळाचे वेड आहे. परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुलेही तळ्याकाठच्या गावात स्थिरावली की या नादाला लागतात. मग एक दिवस फोन येतो, "बाबा, जेट स्की घेतोय!" अशा वेळी घरच्यांनी "किती वेगाने पळते?" हे विचारण्याऐवजी "तिचा हल कसा आहे?" असे विचारले, तर त्या मुलाचे पैसेही वाचतील आणि कदाचित गुडघेही.

हल म्हणजे काय? यंत्र, नळ्या, बॅटरी, हँडल असे सगळे काढून ठेवले की होडीचे जे रिकामे अंग उरते, तो हल. इंजिन बदलता येते, पंप बदलता येतो, हँडलही बदलता येते. पण हलची लांबी, त्याच्या तळाचा आकार आणि नाकाचा उठाव एकदा घेतला तो घेतला. म्हणून निवडीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

वाद जन्मापासूनचा

जेट स्कीची कल्पना अमेरिकेच्या क्लेटन जेकबसन यांची. ते मोटारसायकलच्या मोटोक्रॉस शर्यतींचे शौकीन होते. खडीवर पडून अंग सोलवटून घेण्यापेक्षा अशीच मोटारसायकल पाण्यावर चालवता आली तर, या विचारातून त्यांनी १९६० च्या दशकात पहिला नमुना बनवला. पुढे जपानच्या कावासाकी कंपनीने ही कल्पना उचलली आणि १९७३ साली उभ्याने चालवायची जेट स्की बाजारात आणली. 'जेट स्की' हे खरे तर कावासाकीचे नोंदणीकृत नाव. आज ते सगळ्याच कंपन्यांच्या वाहनांना सर्रास वापरले जाते.

गंमत म्हणजे, त्या पहिल्याच वेळी कावासाकीने दोन प्रकारचे हल आणले होते. एकाचा तळ सपाट, तर दुसऱ्याचा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा कोनदार. कोणता चांगला, हा वाद पन्नास वर्षांनंतरही संपलेला नाही. कारण त्याचे उत्तर 'कोणासाठी आणि कोणत्या पाण्यात' यावर अवलंबून आहे.

१९९० मध्ये यामाहाने 'सुपरजेट' आणली. तिचे नाक चौकोनी होते. १९९६ मध्ये नवा हल आला, तो गोल नाकाचा. २००८ मध्ये पुन्हा बदल झाला आणि त्या रूपात ती २०२० पर्यंत निघत राहिली. ७०१ सीसीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, २.२४ मीटर लांबी, ६८ सेंटिमीटर रुंदी आणि सुमारे १३९ किलो वजन असा तिचा बांधा. दोन धट्टेकट्टे गडी उचलून गाडीवर टाकू शकतील अशी ही होडी फ्रीराइडिंगवाल्यांच्या गळ्यातला ताईत बनली. आजही नव्या हलची चर्चा निघाली की तुलना होते ती सुपरजेटशीच.

उडीत नेमके काय घडते?

हल निवडण्याआधी उडी समजून घ्यायला हवी. जेट स्कीला बाहेर दिसणारा पंखा नसतो. तळाला असलेल्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, आतला पंखा त्याला जोराने मागे ढकलतो आणि मागच्या तोंडातून पाण्याचा झोत सुटतो. हा झोत डावी-उजवीकडे वळवला की होडी वळते.

चालक लाटेकडे येतो, चढावर नाक किंचित वर उचलतो आणि माथ्यावर पोहोचताच गुडघे ताणून उसळी घेतो. होडी पाण्याबाहेर आली की जाळीला पाणी मिळत नाही आणि इंजिन मोकळे गरगरू लागते, म्हणून हवेत असताना थ्रॉटल सोडावा लागतो. मग येतो उतरण्याचा क्षण. शेपटी आधी टेकली, नाक हळूच खाली आले आणि पंपाने लगेच पाणी पकडले, तर उडी साधली. नाक आधी घुसले, तर होडी एकदम थबकते आणि चालक हँडलवरून पुढे फेकला जातो. आणि सगळा तळ एकदम सपाट आपटला, तर दणका थेट घोटे, गुडघे आणि कमरेत बसतो.

हा दणका किती मोठा? शाळेतले गणित आठवा. एक मीटर उंचीवरून पडणारी वस्तू पाण्याला टेकताना ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने येते. दोन मीटरवरून पडली तर ताशी साडेबावीस किलोमीटर. म्हणजे उंची दुप्पट झाली की आदळण्याची ऊर्जाही दुप्पट! ती ऊर्जा कोणी तरी पचवावी लागते. निम्मे काम चालकाचे वाकलेले गुडघे करतात, उरलेले हलच्या आकाराने करायचे असते.

लांबी : आखूड तितकी चपळ, पण...

सपाट, शांत पाण्यात कोलांट्या मारणाऱ्या 'फ्रीस्टाइल' खेळाडूंच्या होड्या साधारण सहा फुटांच्या आसपास असतात. इतक्या आखूड होडीचे नाक चटकन वर येते आणि ती हवेत गर्रकन फिरते. त्यांची चित्रफीत पाहून नवशिका भुलतो आणि तशीच आखूड होडी मागतो. इथेच पहिली चूक होते.

आखूड हल उभ्या पाण्यात डुगडुगतो. वेग घेतला की त्याचे नाक वर-खाली हिंदकळू लागते आणि खवळलेल्या पाण्यात सरळ रेषेत राहत नाही. शिवाय पाण्यावर तरायला त्याच्याकडे आकारमान कमी असल्यामुळे वजनदार माणूस उभा राहिला की तो मागून बुडू लागतो. त्या कोलांट्यांमागे बहुधा खास बांधलेले, अफाट ताकदीचे आणि तितकेच महागडे इंजिन असते, हेही नवशिक्याच्या ध्यानात येत नाही.

याउलट लांब हल लाटालाटांतून ठाम चालतो, वेगात भरवसा देतो. पण नाक उचलायला आणि हवेत वळवायला तो जड. कावासाकीने २०१७ मध्ये आणलेली फोर-स्ट्रोक 'एसएक्स-आर' हे त्याचे ठळक उदाहरण. १४९८ सीसीचे इंजिन, २.६६ मीटर लांबी आणि सुमारे २५० किलो वजन. वेगाच्या शौकिनांना आणि शर्यतवाल्यांना ती आवडते. पण छोट्या लाटेवर खेळकर उड्या मारायला इतके धूड कोण उचलणार?

बोटीमागच्या लाटेवर उड्या मारायच्या असतील, तर साधारण साडेसहा ते साडेसात फुटांच्या दरम्यानची लांबी बहुतेकांना मानवते. लाट छोटी आणि चालक हलका असेल तर या पट्ट्यातली आखूड बाजू घ्यावी. पाणी खवळलेले किंवा चालक वजनदार असेल तर लांब बाजू.

तळ सपाट की कोनदार?

सपाट तळ पाण्यावर सहज घसरतो. जागच्या जागी गिरकी घेणे, शेपटी सरकवणे त्याला छान जमते. थोड्या वेगातच तो पाण्यावर उचलला जातो. पण उंचावरून पडला की थाळी आपटावी तसा 'फाट्' करून आपटतो.

कोनदार तळ सुरीसारखा पाणी कापत आत शिरतो, त्यामुळे दणका कमी बसतो. वळणावर तो पाण्याला धरून राहतो. मात्र उभ्या पाण्यात तो कडेला कलंडण्याची शक्यता जास्त आणि गिरकीला तो तितका तयार नसतो.

फ्रीराइडिंगसाठी बनवलेले बहुतेक हल मधला मार्ग काढतात. पुढच्या भागात कोन, म्हणजे लाट कापता यावी आणि नाकावर उतरलो तरी झटका बसू नये. मागे मात्र जवळजवळ सपाट, म्हणजे उसळी मिळावी आणि शेपटी मोकळी राहावी.

तळ आणि बाजू जिथे मिळतात ती कडाही बोटाने चाचपून पाहावी. धारदार कडा वळताना पाण्याला चावा घेते. गोलसर कडा घसरू देते. नवशिक्याला अतिधारदार कडा त्रास देते, कारण तिरके उतरल्यावर ती अचानक पाणी पकडते आणि होडी चालकाला बाजूला भिरकावते. बाजूंना स्पॉन्सन नावाच्या पट्ट्या लावून ही पकड पुढे वाढवता येते, म्हणून सुरुवातीला मवाळ कडा बरी.

नाक आणि पायाखालची जागा

नाकाकडे बाजूने पाहावे. केळ्यासारखा हलकासा उठाव असेल तर लाटेच्या खाचेत उतरताना नाक पाण्यात रुतत नाही. नाकात पुरेसे आकारमान असेल तर ते रुतले तरी फुग्यासारखे लगेच वर येते. फ्रीस्टाइलवाल्यांना मुद्दाम पाण्याखाली बुडी मारायची असते, म्हणून ते बारीक नाक घेतात. लाटेवरच्या उड्यांना भरलेले, उठावदार नाकच सोयीचे.

आता मागची उभी राहायची जागा, जिला ट्रे म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना पाय अडकवायला फूटहोल्ड हवेतच. त्यांच्याशिवाय होडी हवेत गेली की माणूस एकीकडे आणि होडी दुसरीकडे! कंपनीतून आलेल्या जुन्या होड्यांना ते नसतात, नंतर बसवून घ्यावे लागतात. ट्रेची रुंदी अशी असावी की दोन्ही पाय खांद्याइतक्या अंतरावर, वाकवून ठेवता येतील. तळाला जाड रबरी गादी हवी. उंच माणसासाठी हँडलचा दांडाही पुरेसा लांब हवा, नाही तर तासाभरात पाठ धरते.

वजन आणि कच्चा माल

मोठ्या कंपन्यांचे टू-स्ट्रोक जमान्यातील हल काचतंतूंचे तुकडे आणि रेझीन गरम साच्यात दाबून बनवलेले आहेत. हा माल स्वस्त आणि मजबूत, पण थोडा जड, आणि जोराचा आघात झाला की तडकतो. त्याच्या दुरुस्तीला इपॉक्सी रेझीनच वापरावे. साधे पॉलिएस्टर रेझीन त्यावर नीट चिकटत नाही आणि चार उड्यांत सुटून येते.

रिक्टर, क्रॅश यांसारख्या छोट्या कारखान्यांचे खास हल हाताने रचलेल्या काचतंतूंचे, कार्बनचे किंवा केव्हलरचे असतात. ते बरेच हलके आणि ताठ असतात. अशा अनेक हलमध्ये जुन्या सुपरजेटचे इंजिन, पंप आणि विजेचे भाग जसेच्या तसे बसतात. म्हणजे इंजिनाने घर बदलायचे, इतकेच!

पण हलकेपणाचाही हव्यास नको. फार पातळ हल उंचावरून पडला की लवतो, आतील इंजिनाचे आधार सैल होतात आणि सांधे उघडतात. शिवाय वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचे. नाकात जास्त वजन असेल तर उडी नेहमी नाकावरच पडते, शेपटीत जास्त असेल तर होडी मागे उलटू पाहते. घेण्यापूर्वी एकदा चालवून, छोट्या लाटेवरून नेऊन पाहावी. हवेत ती समतोल राहते की एका टोकाला झुकते, हे दोन उड्यांतच कळते.

२०२१ पासून यामाहाची सुपरजेटही फोर-स्ट्रोक झाली. १०४९ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, २.४३ मीटर लांबी, सुमारे १७० किलो वजन. धूर कमी, तेल-पेट्रोल मिसळायची कटकट नाही, आणि नवशिक्यांसाठी ताकद मर्यादित ठेवायची सोयही आहे. जुनीपेक्षा जड असली तरी ती स्थिर आहे. ज्याला शिकायचे आहे आणि डागडुजीत रस नाही, त्याच्यासाठी ती उत्तम. ज्याला उंच उडायचे आहे तो अजूनही जुन्या टू-स्ट्रोकच्या शोधात असतो.

जुना हल घेताय? मग हे पाहा

स्वस्तात मिळणारी चकचकीत रंगाची जुनी होडी सर्वांत जास्त फसवते. रंगाखाली काय दडले आहे, ते तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

* होडी काट्यावर ठेवा. हलच्या आत तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षे पाणी शोषून तो भिजलेला असेल तर वजन कंपनीने सांगितल्यापेक्षा बरेच जास्त भरते. असा हल उडी कशी मारणार?

* बोटांच्या पेरांनी सगळीकडे ठोकून पाहा. घट आवाज येता येता मध्येच पोकळ किंवा मंद आवाज आला, तर आतला थर सुटलेला असू शकतो.

* वरचा आणि खालचा भाग जिथे चिकटवलेला असतो तो सांधा पूर्ण फिरून पाहा. उड्यांचा सगळा ताण तिथे येतो.

* हँडलच्या दांड्याचा पुढचा आधार, इंजिनाखालचे आधार आणि पंपाभोवतीचा भाग इथल्या केसासारख्या भेगांकडेही दुर्लक्ष करू नका.

* आत शिरलेले पाणी उपसणारा विजेचा छोटा पंप आहे का, आणि चालतो का, हे पाहा. उड्या मारताना पाणी आत जाणारच.

कोणी काय घ्यावे?

कधीच उभे राहून जेट स्की न चालवलेल्या माणसाने खास बनावटीच्या हलचा विचारही करू नये. पहिला हंगाम फक्त गुडघ्यांवरून उठून उभे राहण्यात, पडण्यात आणि पुन्हा चढण्यात जातो. त्याला धडधाकट, न तडकलेला, कंपनीचा प्रमाणित हल पुरे. इंजिनही मूळचेच ठेवावे.

दुसऱ्या टप्प्यावर, उभे राहणे जमले आणि छोट्या लाटांवरून होडी हवेत जाऊ लागली की फूटहोल्ड, चांगली गादी आणि पाणी जास्त ओढणारी तळाची जाळी बसवावी. उतरताना फेसाळ पाण्यात पंपाने लगेच पकड घ्यावी यासाठी ही जाळी फार उपयोगी. इतक्यानेच उडी बरीच सुधारते.

मोठ्या उड्या सरावल्यानंतरच हलका, आखूड, खास फ्रीराइडिंगचा हल घ्यावा. तोवर आपल्याला काय कमी पडते, हे शरीरालाच कळलेले असते. इतरांचे ऐकून घेतलेला हल वर्षभर अंगणात ताडपत्रीखाली पडून राहतो, स्वतःच्या गरजेतून घेतलेला पाण्यात राहतो.

उडीपूर्वी भान हवे

कितीही चांगला हल असला तरी एक गोष्ट तो करू शकत नाही. थ्रॉटल सोडला की पाण्याचा झोत थांबतो आणि जेट स्की वळेनाशी होते! घाबरून थ्रॉटल सोडणारा नवशिका म्हणूनच सरळ समोरच्या बोटीवर जाऊन धडकतो.

बोटीमागच्या लाटेचा मोह असा की जितके बोटीजवळ जावे तितकी लाट उंच. पण त्या बोटीपलीकडून कोण येत आहे, ते चालकाला दिसत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात दुसऱ्या बोटीच्या विनाकारण जवळ जाऊन किंवा पलीकडचे दिसत नसताना तिच्या लाटेवर उडी मारणे, हे कायद्याने बेफिकीर चालवणे ठरते. तिथे चौदा वर्षांखालच्या मुलांना अशी वाहने चालवता येत नाहीत आणि अठरा वर्षांखालील कोणाला ती भाड्याने देता येत नाहीत. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात, ते आधी विचारून घ्यावेत.

लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि मनगटाला बांधायची इंजिन बंद करणारी दोरी यांना पर्याय नाही. साध्या पोहण्याच्या पोशाखावर भागवू नये. मागे पाण्यात पडल्यावर जेटचा झोत शरीरात घुसून आतड्यांना गंभीर इजा झाल्याची उदाहरणे आहेत, म्हणूनच या वाहनांवर वेटसूटची विजार घालण्याची सूचना छापलेली असते. स्त्रियांनी आणि मुलांनी ती विशेष काळजीने पाळावी.

इंजिनाची ताकद होडीला हवेत नेते, पण खाली सुखरूप आणतो तो हल. म्हणून विकणारा जेव्हा इंजिनाची वाखाणणी सुरू करील, तेव्हा त्याला शांतपणे सांगावे, "ते नंतर पाहू. आधी होडी जरा आडवी करा, तळ बघायचा आहे!"